शोधयंत्रावर आपलं समाधान झालं, हे कोण आणि कसं मोजतं?

पोथीपान (धागाकर्ती)

जिल्ह्याच्या ग्रंथालयात देवघेव विभागात माझी बत्तीस वर्षं गेली. वाचक यायचा, काहीतरी विचारायचा, मी पुस्तक काढून द्यायची. त्याला हवं ते मिळालं की नाही हे बहुतेक वेळा त्याच्या चेहऱ्यावरच दिसायचं. नाही दिसलं तर दुसऱ्या दिवशी पुस्तक परत यायचं आणि "बाई, हे नव्हतं हवं" असं ऐकायला मिळायचं. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा, 'वाचकाचा वेळ वाचवा', आमच्या टेबलावरच्या काचेखाली लावलेला होता.

आता तेच वाचक फोनला विचारतात. मग त्यांचा चेहरा कोण बघतं? निवृत्तीनंतर हा प्रश्न मनातून जाईना म्हणून थोडं वाचत गेले. जे समजलं ते इथे मांडते, जाणकारांनी भर घालावी.

मोजमापाची सुरुवात एका ग्रंथपालानेच केली, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. इंग्लंडमध्ये क्रॅनफील्डला विमानविद्येचं कॉलेज होतं, तिथले ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन. १९६० च्या दशकात त्यांनी १४०० शोधनिबंध आणि २२५ प्रश्न घेतले. कोणत्या प्रश्नाला कोणता निबंध उपयोगी, हे माणसांकडून आधीच ठरवून घेतलं आणि मग शोधण्याच्या वेगवेगळ्या पद्धती त्यावर तपासल्या. मापं दोन. जे हाती आलं त्यातलं कामाचं किती, हे प्रिसिजन. कामाचं जेवढं होतं त्यातलं हाती किती आलं, हे रिकॉल. अमेरिकेत १९९२ पासून 'ट्रेक' नावाने दरवर्षी ज्या चाचण्या होतात, त्यांचा पाया हाच. पुढे यार्व्हेलिन आणि केकेलाइनेन या फिनलंडच्या दोघांनी क्रमांकाचा हिशेब आणला. कामाचा कागद पहिल्या जागी असेल तर पूर्ण गुण, जसजसा खाली जाईल तसतसे कमी.

पण यात प्रश्न विचारणारा माणूस टेबलासमोर नाही. तो केव्हाच घरी गेला आहे. गुण मिळतात ते कागदांच्या यादीला. हर्श आणि टर्पिन यांनी २००० साली हेच तपासलं. कागदावर सरस ठरलेली पद्धत खऱ्या माणसांच्या हाती दिली, तर त्यांचं काम काही त्या प्रमाणात सुधारलं नाही.

म्हणून विचारते. माझं समाधान झालं हे आजच्या शोधयंत्राला कळतं का? आणि कळतं ते कशावरून?

अर्धविराम

ताई, विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. पुण्यात एका खरेदीच्या संकेतस्थळाचा शोधविभाग सांभाळतो. सगळीकडे पद्धत साधारण सारखीच असते.

चेहरा दिसत नाही म्हणून आम्ही पावलं बघतो. कोणत्या दुव्यावर क्लिक केलं, तिथे किती वेळ थांबला, परत येऊन दुसरा दुवा उघडला का, की शब्द बदलून पुन्हा विचारलं. दुवा उघडून तीस सेकंदांहून जास्त थांबला तर 'समाधानी क्लिक' धरायची, हा आमच्या क्षेत्रातला जुना ठोकताळा. उघडून लगेच मागे आला तर नापसंती. २००५ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी लोकांना प्रत्यक्ष विचारून ही चिन्हं पडताळली होती. नुसत्या क्लिकवरून फारसं कळत नाही. क्लिक, थांबलेला वेळ आणि शेवटी माणूस कसा बाहेर पडला, हे एकत्र धरलं तर अंदाज बराच जुळतो.

आता यातले खड्डे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात योआखिम्स आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या डोळ्यांची हालचाल टिपली होती. पहिल्या दोन निकालांची गुपचूप अदलाबदल केली, तरी लोक जास्त वेळा वरच्याच दुव्यावर गेले. म्हणजे क्लिक हे निकालाला दिलेलं मत असतं तसं जागेलाही दिलेलं मत असतं.

उलटा खड्डाही आहे. 'कोल्हापूर पिन कोड' विचारलं आणि आकडा वरच दिसला, तर माणूस कशावरही क्लिक न करता निघून जातो. समाधान पूर्ण, क्लिक शून्य. गूगलच्या संशोधकांनी २००९ मध्ये याला 'चांगला परित्याग' म्हटलं. अडचण अशी की कंटाळून निघून गेलेला माणूसही नोंदीत अगदी तसाच दिसतो.

पण मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो तो किस्सा बिंगचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्राचा आहे. तिथल्या रॉन कोहावी आणि सहकाऱ्यांनी २०१२ च्या निबंधात स्वतःच प्रसिद्ध केला आहे. एका प्रयोगात चुकीमुळे निकाल फार वाईट दिसू लागले. त्या काळात प्रत्येक माणसामागे विचारलेले प्रश्न १० टक्क्यांहून जास्त वाढले आणि उत्पन्न ३० टक्क्यांहून जास्त! उत्तर सापडेना म्हणून लोक पुन्हा पुन्हा विचारत होते, आणि खालचं बरं नव्हतं म्हणून जाहिरातींवर जात होते. 'वापर वाढला' हेच यशाचं माप धरलं असतं तर ती चूक कायम ठेवावी लागली असती. त्यावरून त्यांनी धडा घेतला की एका बैठकीत (म्हणजे एका वेळच्या सलग शोधात) विचारलेले प्रश्न कमी व्हायला हवेत, आणि माणूस पुन्हा किती वेळा येतो ते वाढायला हवं.

गुलबक्षी

छान धागा, पोथीपान. पण एक साधी शंका. एवढी पावलं मोजत बसण्यापेक्षा लोकांना सरळ विचारत का नाहीत? बँकेतून आलं की मेसेज येतो, 'आमच्या सेवेला १ ते ५ गुण द्या'. तसंच.

पोथीपान

विचारतात गं, फार वर्षांपासून विचारतात. १९८८ सालची डॉल आणि टॉर्कझादेह यांची बारा प्रश्नांची प्रश्नावली अजून वापरात आहे. मजकूर, अचूकपणा, मांडणी, सोपेपणा आणि वेळेवर मिळणं, अशी पाच अंगं त्यात आहेत.

पण माणूस जे सांगतो आणि जे करतो त्यात अंतर पडतं. गूगलच्या मरिसा मेयर यांनी २००६ मध्ये एका परिषदेत सांगितलेली हकीकत वाच. एका पानावर किती निकाल हवेत असं लोकांना विचारलं. लोक म्हणाले, दहापेक्षा जास्त द्या. तीस देऊन पाहिले, तर शोधांची संख्या सुमारे २० टक्क्यांनी घटली. तीस निकालांचं पान उघडायला अर्धा सेकंद जास्त लागत होता. या अर्ध्या सेकंदाची तक्रार कोणी केली नव्हती, लोक नुसते यायचे कमी झाले.

दुसरं उदाहरण मला जास्त बोचलं. २००७ मध्ये जॅन्सन आणि सहकाऱ्यांनी तेच निकाल, त्याच मांडणीत, चार वेगवेगळ्या नावांखाली लोकांना दाखवले. गूगल, याहू, एमएसएन आणि एक कुणी न ऐकलेलं नाव. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुणांत २५ टक्क्यांचा फरक पडला. बदललं होतं फक्त वरचं नाव. आमच्याकडेही जाड बांधणीचा ग्रंथ नेलेला वाचक पातळ पुस्तिका नेलेल्यापेक्षा समाधानाने जायचा, उत्तर पुस्तिकेत असलं तरी.

रानवाट

मी दोन वर्षं घरून निकाल तपासण्याचं काम केलं, मराठी प्रश्नांसाठी. कंपनीचं नाव सांगणार नाही. कामाचा साचा मात्र गुप्त नाही, गूगलने परीक्षकांसाठीची आपली मार्गदर्शिका २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. प्रत्येक निकालाला पाच पायऱ्यांवर तोलायचं असतं, गरज 'पूर्ण भागली' पासून 'भागली नाही' पर्यंत. पान किती विश्वासाचं याचे गुण वेगळे. या गुणांनी एखादं पान थेट वर-खाली जात नाही, एकूण पद्धत बरी आहे की नाही हे ठरवायला ते वापरतात.

आता माझा अनुभव. समोर प्रश्न येतो, 'पाटण'. एवढाच शब्द. साताऱ्याचं पाटण, गुजरातचं पाटण, की बसायचा पाट कुणी चुकून लिहिलाय? कोणी विचारलं, कशासाठी विचारलं, मागे काय घडलं होतं, काही ठाऊक नाही. विचारणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून गुण द्यायचे. माझी मैत्रीण तेच काम करायची आणि आमचे गुण पुष्कळदा जुळायचे नाहीत. पुढे कळलं की हे जगभर होतं. ट्रेकच्या एलन वूरहीस यांनी तपासलं होतं, दोन परीक्षकांनी निवडलेल्या कागदांत जेमतेम निम्मे सारखे निघतात. दिलासा एवढाच की दोन पद्धतींत सरस कोणती, याचा निर्णय परीक्षक बदलले तरी फारसा बदलत नाही.

म्हणजे यंत्रांची तुलना करायला आमचं काम पुरतं. 'पाटण' विचारणाऱ्या त्या एका माणसाचं काय झालं, ते मला आजही माहीत नाही. मी तेव्हा साताऱ्याचं धरून गुण दिले होते.

माणदेशी

मी शेतकरी माणूस, सांगोल्याकडं डाळिंब आहे. तुमच्यातलं सगळं कळलं नाही पण एक गोष्ट सांगतो.

तीन वर्षांमागं पावसाळी हवेत फळावर तेलकट डाग दिसायला लागले. आम्ही त्याला तेल्या म्हणतो. रात्री फोनवर मराठीत लिहिलं, 'डाळिंब तेल्या उपाय'. वर आलं ते सगळं औषध विकणाऱ्यांचं. व्हिडिओ उघडला, बारा मिनिटं बघितला, शेवटी फोन नंबर. दुसरा उघडला, तसाच. मग पोराला विचारलं, त्यानं इंग्रजीत लिहून दिलं. तेव्हा सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राचं पान घावलं. ते इंग्रजीतच, पोरानं वाचून सांगितलं.

अर्धविराम दादा, तुमच्या हिशेबानं मी त्या व्हिडिओवर बारा मिनिटं थांबलो. म्हणजे समाधानी धरला असेल मला?

अर्धविराम

हो दादा, धरलं असणार. आणि हे कबूल करताना मला बरं वाटत नाही. बारा मिनिटं म्हणजे नोंदीत उत्तम निकाल. नंतर तुम्ही दुसरा व्हिडिओ उघडलात एवढीच काय ती शंकेची खूण. तुमच्या पोराने दुसऱ्या फोनवर इंग्रजीत शोधलं असेल, तर तो धागा तुमच्या शोधाशी जुळलाच नसेल. उलट त्याच्या फोनवर यशस्वी शोधाची नोंद झाली असेल.

तुमच्या गोष्टीवरून आठवलं. २००८ मध्ये स्मिथ आणि कँटर यांनी ३६ माणसांवर प्रयोग केला. काहींना नेहमीचे निकाल दिले, काहींना मुद्दाम खालचे, तीनशेव्या क्रमांकापासून पुढचे. खराब निकालवाल्यांनाही जवळपास तितकंच यश मिळालं! ते भराभर शब्द बदलत गेले, आणि कमतरता स्वतःच्या कष्टाने भरून काढली. यंत्र बिघडलेलं होतं, पण यशाच्या आकड्यात ते दिसलं नाही.

पोथीपान

अर्धविराम, हाच तो मुद्दा, मला इतके दिवस शब्दांत धरता येत नव्हता. आपण मराठी माणसं त्या खराब निकालवाल्या गटात वर्षानुवर्षं आहोत. मराठीत विचारलं तर मिळणार नाही हे आपण शिकलो, मग रोमन लिपीत विचारू लागलो, मग इंग्रजीत, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही ते विचारायचेच थांबले. जो प्रश्न मनात होता तो विचारलाच नाही, मिळण्यासारखा होता तेवढाच विचारला, आणि तेवढ्यावर 'समाधानी' अशी नोंद झाली. समाधान मोजताना प्रश्न किती आक्रसला, हे मोजलंच जात नाही. माझी या सगळ्या पद्धतीबद्दलची मोठी तक्रार हीच आहे.

सह्यकडा

थोडा वेगळा सूर लावतो. बाजारात हे आपोआप दुरुस्त होतं असं मला वाटतं. निकाल वाईट झाले तर लोक दुसऱ्या शोधयंत्राकडे जातील. जात नाहीत, म्हणजे बहुतेक समाधानी आहेत. यापेक्षा खरं माप कोणतं?

दूरदेशी

सह्यकडा, मी अमेरिकेत राहतो आणि गूगलवरचा इथला खटला बराच जवळून वाचला, म्हणून लिहितो. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलविरुद्ध मक्तेदारीचा निकाल दिला. फोन आणि ब्राउझरमध्ये आधीपासून आपलंच शोधयंत्र असावं यासाठी कंपनीने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले होते. सवय विकत घेता येते, म्हणून एवढी रक्कम मोजली गेली. लोक जागचे हलत नाहीत याचं कारण नेहमी समाधान नसतं.

त्याच निकालपत्रात आणखी एक गोष्ट आहे. गूगलने २०२० मध्ये अंतर्गत अभ्यास केला होता, शोधाचा दर्जा मुद्दाम बराच घसरवला तर काय होईल? निष्कर्ष असा की शोधातलं उत्पन्न बुडणार नाही. न्यायाधीशांनी हे मक्तेदारीची खूण म्हणून नोंदवलं. 'लोक निघून जातील' या मापाची हीच मर्यादा आहे.

खटल्यात गूगलच्या शोधविभागाचे पांडू नायक यांची साक्ष झाली, त्यातून धाग्याच्या विषयावरही प्रकाश पडतो. परीक्षकांच्या गुणांवरून गूगल जो आकडा काढतं त्याचं नावच 'इन्फर्मेशन सॅटिस्फॅक्शन', माहितीचं समाधान. आणि 'नॅव्हबूस्ट' नावाची व्यवस्था लोकांच्या तेरा महिन्यांच्या क्लिक साठवून निकाल लावायला वापरते. म्हणजे रानवाट यांचे गुण आणि माणदेशी दादांची बारा मिनिटं, दोन्ही वापरात आहेत.

सह्यकडा

हे माहीत नव्हतं. उत्पन्नाचा तो अभ्यास वाचून माझं मत बदललं, स्पष्ट सांगतो. आभार.

शब्दवेल

भाषेच्या बाजूने थोडं. मराठीसाठी क्रॅनफील्डसारखा कागदांचा आणि प्रश्नांचा संच झालाच नाही असं नाही. २००८ पासून 'फायर' हा भारतीय भाषांचा उपक्रम सुरू झाला. त्यात बंगाली आणि हिंदीबरोबर मराठी होती, 'महाराष्ट्र टाइम्स' आणि 'सकाळ' मधल्या बातम्यांवर प्रश्न तयार केले होते. आयआयटी मुंबई आणि इतर संस्थांनी मिळून पर्यटनासाठी 'संधान' हे शोधयंत्रही केलं होतं, मराठीसकट.

मराठीची अडचण काय ते या कामांत नीट दिसतं. 'पुणे' शोधायचं, पण मजकुरात असतं पुण्यात, पुण्याहून, पुण्याच्या, पुणेकरांना. सामान्यरूप झालं की मूळ शब्द ओळखू येत नाही. म्हणून यंत्राला शब्दाचा शेवट छाटून मूळ रूप काढावं लागतं. फार छाटलं तर वेगळे शब्द एक होतात, कमी छाटलं तर एकच शब्द दहा ठिकाणी विखुरतो.

लिपीचं तर विचारू नका. 'ॲप' मधला पहिला स्वर यंत्रात तीन तऱ्हांनी लिहिता येतो. 'अ' वर चंद्र देऊन, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून, किंवा २००८ मध्ये युनिकोडमध्ये (संगणकाच्या प्रमाण अक्षरसंचात) आलेल्या स्वतंत्र अक्षराने. 'ऱ्हास' चे दोन प्रकार. डोळ्यांना सगळं सारखं, पण यंत्राने आधी एकरूप केलं नाही तर त्याला तीन वेगळे शब्द. अशा वेळी 'निकाल नाही' असं आलं तर वाचक म्हणतो, मराठीत माहितीच नाही. तो असमाधानी यंत्रावर होत नाही, आपल्या भाषेवर होतो. मला याचं फार वाईट वाटतं.

गुलबक्षी

आणि आता वरच तयार सारांश येतो त्याचं काय? माझ्या सासूबाई तो वाचतात आणि फोन ठेवून देतात. अर्धविराम यांचा 'चांगला परित्याग' म्हणजे हेच ना? पण परवा औषधाच्या वेळेबद्दल त्यांनी वाचलेलं चुकीचं होतं, डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. वाचताना समाधान पूर्ण झालं होतं. ते मोडलं चार दिवसांनी.

अर्धविराम

गुलबक्षी, क्लिकच्या नोंदीत ते चार दिवस कधीच येत नाहीत. आम्ही बैठक मोजतो, अर्ध्या तासात हालचाल नसली की बैठक संपली असं धरतो. उत्तर खरं निघालं का, डाग गेले का, गोळी योग्य वेळी घेतली का, हे सगळं बैठक संपल्यावरचं आहे. लगेच विचारलेलं समाधान आणि आठ दिवसांनी विचारलेलं समाधान, ही माझ्या मते दोन वेगळी मापं आहेत. दुसरं महाग पडतं म्हणून पहिल्यावर भागवलं जातं.

पोथीपान

मग आपण छोट्या प्रमाणावर ते दुसरं माप करून बघूया का? एक वही घ्यायची. शोधण्याआधी मनातला प्रश्न आपल्या बोलीत, जसा सुचला तसा पूर्ण लिहायचा. मग प्रत्यक्षात काय टाइप केलं ते. किती वेळा शब्द बदलले, भाषा किंवा लिपी बदलावी लागली का. उत्तर मिळाल्यावर दहापैकी गुण, आणि आठ दिवसांनी तेच गुण पुन्हा, आधीचे झाकून. यातून टक्केवारी काढायची नाही, दहा-पंधरा जणांच्या वहीवरून ती काढणं बरोबर नाही. पण मनातला प्रश्न आणि टाइप केलेला प्रश्न शेजारी शेजारी ठेवले तर आपल्याला तरी दिसेल. शब्दवेल आणि रानवाट, तुम्ही रकाने तपासून द्याल का?

रानवाट

आनंदाने. एक रकाना वाढवा, 'हे कशासाठी हवं होतं'. परीक्षक असताना मला तोच हवा असायचा.

शब्दवेल

मीही आहे. टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवा, शुद्धलेखन सुधारू नका. त्या चुकांतच माझं काम आहे.

माणदेशी

ताई, वही केली. पहिली नोंद इथं टाकतो, आठ दिवस झाले म्हणून.

मनात होतं : हस्त बहार (पावसाळ्याअखेरीस धरायचा फळहंगाम) धरायचा आहे, पण पाऊस लांबला, आता पानगळ केली तर तेल्याचा धोका किती, की पंधरा दिवस थांबू?
कशासाठी : मजूर सांगायचे होते.
टाइप केलं : डाळिंब हस्त बहार पानगळ कधी. मग : dalimb hasta bahar. मग पोराकडून इंग्रजीत.
त्या रात्री गुण : ७.
आठ दिवसांनी : ३. तारखा मिळाल्या होत्या, पण पाऊस लांबला तर काय, हे कुठंच नव्हतं. शेवटी शेजारच्या वाडीवरच्या जुन्या बागाईतदाराला जाऊन विचारलं. त्यांनी आधी मला विचारलं, तुमची जमीन कसली, पाणी किती. मग सांगितलं.

पोथीपान

माणदेशी दादा, त्यांनी तुम्हाला आधी काय काय विचारलं ते सगळं आठवून लिहाल का? वहीत त्यासाठी एक रकाना करते.